बदलांचे वर्ष : गुणांची बेरीज आणि दिवसांची वजाबाकी

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपल्याकडे म्हणतात. ही म्हण रचणारा माणूस अमेरिकेत राहायला आला असता, तर त्याने तिच्यात नक्की भर घातली असती : नोकरी पाहावी बदलून, राज्य पाहावे सोडून आणि मुलांची शाळा पाहावी ऐन ऑगस्टमध्ये शोधून. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी या साऱ्या गोष्टी एकाच वर्षात येतात. नोकरी गेली म्हणून गाव बदलते, गाव बदलले म्हणून शाळा बदलते आणि त्याच वर्षी घरात पाळणाही हलतो. आपण प्रत्येक बदलाचा विचार सुटासुटा करतो. प्रकृतीवर आणि पैशांवर परिणाम मात्र त्यांच्या बेरजेचा होतो. ही बेरीज कशी करायची आणि तिच्यातून काय वगळता येते, ते या लेखात पाहू.

गुणांचा तक्ता

१९६७ साली वॉशिंग्टन विद्यापीठातील थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या दोघा मानसोपचारतज्ज्ञांनी आयुष्यातील ४३ घटनांचा एक तक्ता प्रसिद्ध केला. लग्नानंतर संसाराची नवी घडी बसवायला जेवढे कष्ट पडतात त्यांना ५० गुण धरले, तर बाकीच्या घटनांना किती द्याल, असे त्यांनी ३९४ लोकांना विचारले. जोडीदाराच्या मृत्यूला सर्वाधिक, म्हणजे १०० गुण मिळाले. पण तक्त्यात आनंदाच्या गोष्टीही आहेत. सुट्टीवर जाण्याला १३ आणि नाताळला १२ गुण आहेत! बदल सुखाचा असो वा दुःखाचा, त्याच्याशी जुळवून घ्यायला शक्ती खर्च होतेच, हा यामागचा विचार. वर्षाची बेरीज १५० च्या आत असेल तर आजारपणाचा धोका कमी, १५० ते २९९ मध्ये मध्यम आणि ३०० च्या वर गेली तर जास्त, असा साधारण हिशेब आहे.

ही काही कुंडली नव्हे. १९७० साली राहे यांनी अमेरिकन नौदलाच्या सुमारे २,५०० खलाशांचा अभ्यास केला. त्यात गुण आणि आजारपण यांचा संबंध दिसला, पण तो दुबळाच होता. शिवाय तक्ता साठच्या दशकातल्या अमेरिकन माणसांचा. व्हिसाची मुदत, ग्रीन कार्डाची वाट पाहणे, मध्यरात्री भारतातून येणारा फोन यांना त्यात गुणच नाहीत. तरीही 'आपल्या अंगावर एकदम किती आले आहे?' हा प्रश्न विचारायला तो उपयोगी पडतो.

एक नमुन्याचे कुटुंब

एक काल्पनिक, पण ओळखीचे वाटेल असे कुटुंब घेऊ. न्यू जर्सीत राहणारे नवरा-बायको आणि तिसरीतली मुलगी. नवरा एच-१बी वर आहे. १४ मार्च हा त्याचा नोकरीतला शेवटचा दिवस ठरतो. बायको गरोदर आहे, बाळ सप्टेंबरात यायचे आहे. मे महिन्यात त्याला टेक्सासमध्ये, डॅलसजवळ प्लेनोला नोकरी मिळते. बिऱ्हाड हलते, बायकोची नोकरी सुटते, मुलीला नवी शाळा मिळते. ऑगस्टमध्ये बाळंतपणासाठी सांगलीहून आजी-आजोबा येतात. त्यांचा हिशेब असा :

नोकरी जाणे – ४७
गरोदरपण – ४०
घरात नवे माणूस – ३९
आर्थिक स्थितीत बदल – ३८
बायकोचे काम थांबणे – २६
राहणीत बदल – २५
घर बदलणे – २०
शाळा बदलणे – २०
झोपेच्या वेळा बदलणे – १६
कुटुंबाच्या भेटीगाठींत बदल – १५
एकूण – २८६

यातली बरीचशी घटना टाळता येण्यासारखी नाही. पण ज्या टळत नाहीत त्यांच्याबरोबर एकेक घड्याळ चालू होते, आणि ते कोणी आपल्याला दाखवत नाही. म्हणून आता वजाबाकी.

दिवसांची वजाबाकी

१) व्हिसाचे ६० दिवस. एच-१बी वरील नोकरी संपली, की जास्तीत जास्त ६० दिवसांची सवलत मिळते. हा नियम जानेवारी २०१७ पासून आहे. आय-९४ ची मुदत त्याआधी संपत असेल तर तीच खरी. आपल्या कुटुंबाला १३ मे पर्यंत वेळ आहे. नवीन कंपनीने तोपर्यंत अर्ज दाखल करायला हवा. तो मंजूर होण्याची वाट पाहावी लागत नाही. आधीची बाजू नियमात बसत असेल तर अर्ज दाखल झाल्यावर काम सुरू करता येते. ही सोय २००० सालच्या कायद्याने झाली. दिवस शेवटच्या कामाच्या दिवसापासून मोजावेत.

२) आरोग्यविम्याचे ६० दिवस. वीस किंवा अधिक नोकर असलेल्या कंपनीतून बाहेर पडल्यावर 'कोब्रा' खाली तोच विमा साधारणपणे १८ महिने चालू ठेवता येतो. मात्र कंपनीचा वाटाही आपणच भरायचा, वर दोन टक्के. आकडा पाहून छातीत धस्स होते. निर्णयाला ६० दिवस मिळतात. ते विमा संपल्याच्या किंवा नोटीस मिळाल्याच्या तारखेपासून, यातली जी नंतरची असेल तिच्यापासून मोजायचे. होकार दिल्यावर पहिला हप्ता भरायला आणखी ४५ दिवस असतात. विमा मागील तारखेपासून लागू होतो, हप्तेही मागचे भरावे लागतात. म्हणून धडधाकट माणसे कधी कधी थांबून पाहतात. घरात गरोदर बाई असताना मात्र थांबू नये. दर महिन्याची तपासणी ठरलेली असते आणि विमा चालू दिसला नाही तर दवाखान्यात दरवेळी खुलासे करावे लागतात. सरकारी मार्केटप्लेसमधला विमाही याच ६० दिवसांत घेता येतो. दोन्हींची किंमत शेजारी शेजारी मांडून पाहावी.

नवीन कंपनीच्या विम्यात एक गोष्ट ध्यानात ठेवावी. डिडक्टिबल पुन्हा शून्यापासून सुरू होते. जानेवारी ते मे भरलेले पैसे तिथे सहसा धरले जात नाहीत, म्हणून बाळंतपणाच्या खर्चाचा अंदाज नव्या आकड्यावरून करावा. जुन्या कंपनीच्या फ्लेक्सिबल स्पेंडिंग अकाउंटात पैसे असतील, तर चष्मा, दातांचे काम वगैरे शेवटच्या दिवसाआधी उरकावे. हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंट मात्र आपलेच असते, ते बरोबर येते.

३) ४०१(के) चे ६० दिवस. समजा खात्यात ४०,००० डॉलर आहेत. 'चेक माझ्या नावाने पाठवा' असे सांगितले, तर २० टक्के कर कापून ३२,००० हातात येतात. मग ६० दिवसांत पूर्ण ४०,००० दुसऱ्या निवृत्तिखात्यात भरायचे, म्हणजे ८,००० खिशातून घालायचे. नाही घातले तर ते ८,००० काढून घेतले असे धरून त्यावर कर बसतो, आणि वय साडेएकोणसाठच्या आत असेल तर सहसा १० टक्के दंडही. यावर उपाय सोपा आहे. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात परस्पर पाठवायला सांगावे, त्याला 'डायरेक्ट रोलओव्हर' म्हणतात. वर्षभरात दोन कंपन्या झाल्या तरी आपल्या पगारातून भरायच्या रकमेची मर्यादा माणसामागे एकच असते. २०२५ सालासाठी पन्नाशीच्या आतल्यांना ती २३,५०० डॉलर होती. नव्या कंपनीला जुना आकडा ठाऊक नसतो, तो आपणच सांगायचा.

४) बाळाचे ३० दिवस. आपल्याकडे बारसे बाराव्या दिवशी. इथे विमा तिसाव्या दिवसाच्या आत! कंपनीच्या विम्यात बाळाचे नाव घालायला निदान ३० दिवस मिळतात आणि वेळेत घातले तर विमा जन्मतारखेपासून लागू होतो. मुदत चुकली तर पुढच्या ओपन एनरोलमेंटपर्यंत थांबावे लागू शकते. बाळाला चार दिवस काचपेटीत ठेवावे लागले तर ते बिल केवढे असेल, याची कल्पना केलेली बरी. सोशल सिक्युरिटी नंबर येईपर्यंत थांबण्याची चूक होते. तो नंतर कळवता येतो. त्याचा अर्ज हॉस्पिटलमध्येच जन्मनोंदणीबरोबर भरून द्यावा. करापुरते मात्र सप्टेंबरातले बाळही पूर्ण वर्षाचे धरले जाते.

५) गाव बदलल्याची छोटी घड्याळे. जे नागरिक नाहीत त्यांनी नवा पत्ता १० दिवसांत इमिग्रेशन खात्याला कळवायचा असतो. टेक्सासमध्ये गाडीची नोंदणी ३० दिवसांत आणि ड्रायव्हिंग लायसन्स ९० दिवसांत करावे लागते. टेक्सासला राज्याचा आयकर नाही, तरी न्यू जर्सीत राहिलेल्या महिन्यांचे रिटर्न तिथे भरावे लागते. सामान हलवण्याचा खर्च केंद्रीय करातून वजा करण्याची सोय २०१८ पासून सामान्य नोकरदारांना राहिलेली नाही. कंपनीने तो दिला तर ती रक्कम पगारात धरली जाते.

प्रकृतीची बाजू

गरोदरपणात डॉक्टर बदलताना सोनोग्राफी, रक्ताचे अहवाल आणि तपासण्यांच्या नोंदी यांची प्रत स्वतः मागून घ्यावी. तो आपला हक्क आहे. 'ऑफिस फॅक्स करील' यावर विसंबू नये. मुलीच्या लसींचा दाखलाही हातातल्या बॅगेत ठेवावा. टेक्सासच्या शाळांत हिपॅटायटिस 'ए' ची लसही लागते आणि तिथली शाळा न्यू जर्सीच्या तुलनेत लवकर, ऑगस्टमध्येच भरते.

मुलांच्या वाट्याचे गुण कोणी मोजत नाही. गाव, मैत्रीण, बाई आणि एकुलतेपण असे सारे एका वर्षात गेलेले मूल 'मला वाईट वाटते' असे म्हणेलच असे नाही. ते सकाळी पोट दुखते म्हणेल, किंवा रात्री झोपायला तयार होणार नाही. शाळेत काउन्सेलर असतात. त्यांना पहिल्याच आठवड्यात भेटून घरातल्या बदलांची कल्पना द्यावी. यात कमीपणा काही नाही.

बाळंतिणीचे मन दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास राहिले, बाळाकडे पाहून काहीच वाटेनासे झाले, बाळ झोपलेले असूनही तिला झोप येईना, तर 'होईल ठीक' म्हणून सोडू नये. १९८७ साली तयार झालेली दहा प्रश्नांची एडिनबरो प्रश्नावली डॉक्टर वापरतात. तिची उत्तरे खरी द्यावीत. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील तर ९८८ या नंबरावर कोणत्याही वेळी फोन करता येतो.

आजी-आजोबांसाठी व्हिजिटर्स इन्शुरन्स ते विमानात बसण्यापूर्वी घ्यावा. बहुतेक पॉलिसी जुन्या मधुमेह-रक्तदाबाचा नेहमीचा खर्च देत नाहीत. 'अचानक उद्भवलेला त्रास' या शब्दांची व्याख्या वाचून मगच सही करावी. त्यांच्या औषधांची यादी कंपनीच्या नावाने न करता औषधाच्या मूळ नावाने करून घ्यावी. क्रोसिनमधले पॅरासिटामॉल आणि टायलेनॉलमधले अ‍ॅसिटामिनोफेन हे एकच औषध आहे. दोन वेगळी समजून दोन्ही घेतली तर यकृताला अपाय होऊ शकतो. बाळाला डांग्या खोकल्यापासून जपण्यासाठी आजी-आजोबांनी टीडॅप ही लस बाळाजवळ येण्याच्या निदान दोन आठवडे आधी घ्यावी. आईला ती गरोदरपणाच्या २७ ते ३६ आठवड्यांत देतात.

काय पुढे ढकलावे?

आता त्या २८६ गुणांकडे परत येऊ. प्लेनोला पोचताच प्रत्येक पार्टीत एक वाक्य ऐकू येणार : 'भाडे कशाला भरता? घर घेऊन टाका.' तक्त्यात १०,००० डॉलरच्या वरच्या गृहकर्जाला ३१ गुण आहेत (काळ १९६७ चा!). ते मिळवले की बेरीज ३१७ होते. यादीतल्या बाकी साऱ्या गोष्टी त्या कुटुंबावर आल्या आहेत. हीच एक त्यांच्या हातात आहे.

आम्ही सॉफ्टवेअरवाले एकाच दिवशी दहा बदल करून प्रोग्राम चालू करीत नाही, कारण बिघडला तर नेमका कशाने बिघडला ते सापडत नाही. संसाराचेही तसेच. नवी नोकरी टिकते का, मुलीला शाळा मानवते का, ऑफिसचा रस्ता झेपतो का, एका पगारात भागते का, याची उत्तरे मिळायला वर्ष लागते. टेक्सासमध्ये राज्याचा आयकर नसला तरी घरपट्टी चांगलीच जड असते. ती हप्त्यात धरूनच हिशेब करावा. वर्षभराचे भाडे हे वाया गेलेले पैसे नव्हेत. तोवर सहा महिन्यांच्या घरखर्चाची शिल्लक बाजूला ठेवता आली, तर पुढच्या नोकरीच्या वेळी त्या ६० दिवसांचा धाक निम्मा होईल.

दोन गोष्टी मात्र पुढे ढकलू नयेत. कंपनीचा आयुर्विमा सहसा नोकरीबरोबर संपतो, म्हणून स्वतःची टर्म पॉलिसी असावी. आणि मृत्युपत्रात मुलांचा पालक नेमावा. आपले काका, मामा, आत्या सातासमुद्रापलीकडे. दोघांचेही बरेवाईट झाले आणि कागद नसला, तर मुले कोणाकडे जायची हे कोर्ट ठरवते.

शेवटी एक घरगुती उपाय. एका कागदावर चार रकाने आखा : बदल, सुरू झाल्याची तारीख, शेवटची तारीख, आणि कोण करणार. तो फ्रिजवर लावा. चौथ्या रकान्यात सगळीकडे एकाचेच नाव दिसले, तर कामांची वाटणी पुन्हा करा. गुणांचा तक्ता माणसामागे असतो, घरामागे नव्हे.

(नियम बदलतात, आणि प्रत्येकाची परिस्थिती वेगळी असते. निर्णय घेण्यापूर्वी आपल्या कंपनीच्या बेनिफिट्स विभागाशी, करसल्लागाराशी, वकिलाशी आणि डॉक्टरांशी जरूर बोलावे.)