जुन्या कुड्या की नवा हिरा?

प्रश्न : ओळखीच्या घरातल्या जुन्या हिऱ्याच्या कुड्या विकायला आहेत. त्या घ्याव्यात, की पेढीवरून नव्या? – एक वाचक, पुणे

उत्तर : जुन्या कुड्यांची खरी परीक्षा त्यांच्या पाठीवर होते. कोंदण मागून बंद असेल तर हिऱ्याखाली चकचकीत वर्ख असू शकतो. त्यामुळे रंग उजळ भासतो आणि हिरा सुटा केल्याशिवाय प्रयोगशाळेत नीट प्रतवारी होत नाही. कोंदण उघडे असेल तर दहापट भिंगातून वरून पाहावे. मधोमध बारीक भोकासारखा ठिपका दिसला तर दचकू नये. जुन्या हाती पैलूंमध्ये हिऱ्याचे खालचे टोक सपाट कापत, त्याची ती खूण. मार्सेल टोल्कोव्स्की यांनी 1919 मध्ये पैलूंचे गणित मांडले. आजचा लखलखाट बराचसा त्यांच्या वाटेने आलेला. जुन्या हिऱ्याचा उजेड मऊ, ठसठशीत. आवड असेल तर तोच घ्यावा! मात्र फिरकीचे आटे झिजलेत का, हे आधी बघावे.

नव्यात धोका निराळा. हॉलमार्क आणि सहा अक्षर-अंकी एचयूआयडी सोन्याची शुद्धता सांगतात, हिऱ्याबद्दल अवाक्षर नाही. प्रयोगशाळेत वाढवलेला हिराही अस्सल कार्बनच. दुकानातले साधे उष्णता-यंत्र दोघांत फरक करू शकत नाही. म्हणून ‘नैसर्गिक’ हा शब्द बिलावर लिहून घ्यावा, स्वतंत्र प्रमाणपत्र मागावे.

आणि वजन! एक कॅरेट म्हणजे 0.2 ग्रॅम. हिऱ्यांचे वजन वजा न करता अख्ख्या दागिन्याला सोन्याचा भाव लावला, तर तेवढ्या हिऱ्यांचे पैसे दोनदा जातात.