यंत्रनौकेचे दुखणे आणि त्याचे निदान

सातपुड्याच्या पायथ्याशी, संत्र्यांच्या बागांमध्ये वसलेल्या आपल्या मोहगावापासून समुद्र शेकडो कोस दूर आहे. तेव्हा या अंकात यंत्रनौकेवर लेख कशाला, असा प्रश्न तुमच्या मनात सहजच येईल. त्याचे उत्तर दोन घटनांत आहे. १४ सप्टेंबर २०२१ रोजी आपल्या पांढुर्ण्याच्या शेजारच्या वरूड तालुक्यात, झुंज येथे, वर्धा नदीत नाव उलटून ११ माणसांना जलसमाधी मिळाली. पुढे १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईच्या बंदरात इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची एक वेगवान नौका ताब्यात राहिली नाही आणि गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी नौकेवर आदळली. त्या अपघातात १५ जणांचे प्राण गेले. इंजिनात बिघाड झाल्याने नौकेवरील ताबा सुटला, असे नौदलाने आपल्या निवेदनात सांगितले.

पहिली नाव यंत्राची नव्हती. नावेत किती भार घालावा आणि प्रत्येकाच्या अंगात तरंगते जाकीट का असावे, एवढाच धडा तिच्यापासून घ्यायचा. दुसऱ्या घटनेत मात्र एक शास्त्रीय प्रश्न दडलेला आहे. बिघाड जर इंजिनाचा, तर दिशेवरचा ताबा का सुटावा? इंजिन आणि सुकाणू ही दोन निराळी अंगे नव्हेत काय? या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता यंत्राचे दुखणे ओळखण्याची रीतही आपल्या हाती येईल, आणि ती विहिरीवरच्या इंजिनालाही तितकीच लागू पडेल.

नौकेची रचना

जुन्या धाटणीच्या लाँचमध्ये डिझेलचे इंजिन मध्यभागी किंवा पिछाडीला बसविलेले असते. त्यापासून निघालेला लोखंडी दांडा नौकेच्या तळातून बाहेर पाण्यात जातो. त्याच्या टोकाला मळसूत्री पंखा असतो आणि पंख्याच्या लगेच मागे सुकाणूची पाटी असते. लहान नौकेत इंजिन पिछाडीच्या फळीला बाहेरून टांगलेले असते. अशा इंजिनांचा प्रसार अमेरिकेत ओले एव्हिनरूड याने १९०९ च्या सुमारास केला. या रचनेत वेगळे सुकाणू नसते. सबंध इंजिनच डावी-उजवीकडे वळते आणि पंख्याचा झोत वळवून नौका वळविते.

आता वरील प्रश्नाकडे येऊ. सुकाणू ही केवळ एक पाटी आहे. तिच्यावर पाणी आदळले तरच ती नौकेला वळवू शकते. पाण्याचा हा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. म्हणजे वेग निम्मा झाला की सुकाणूचे बळ चतुर्थांशावर येते आणि वेग संपला की सुकाणू असून नसल्यासारखे होते. टांगत्या इंजिनाचे तर पाहायलाच नको. पंखा थांबला की वळविण्याचे साधनही जवळजवळ संपले. उलट, इंजिनाची गती कमी करता येईनाशी झाली, तर सुकाणू वळवून मार्ग काढण्यास वेळच उरत नाही. ताशी ८ सागरी मैल वेगाने चाललेली नौका एका सेकंदात सुमारे ४ मीटर पुढे जाते. चालकाचे दहा सेकंद गोंधळात गेले, तर तेवढ्यात ती ४० मीटर अंतर तोडते. नौकेला गाडीसारखा ब्रेकही नसतो. तेव्हा इंजिन आणि सुकाणू ही अंगे दोन असली तरी नौकेचा ताबा एकच असतो.

इंजिनाची दुखणी

रुडॉल्फ डिझेलने १८९७ मध्ये जर्मनीतील ऑग्सबुर्ग येथे आपले इंजिन यशस्वी करून दाखविले. आपल्याकडे किर्लोस्करांनी १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकी येथे तेल-इंजिनांचा कारखाना काढला, आणि पुढे ही इंजिने खेडोपाडी विहिरींवर धडधडू लागली. इंजिन लाँचमधले असो की विहिरीवरचे, त्याला तीन गोष्टी लागतात: स्वच्छ इंधन, पुरेशी हवा आणि दाब. पेट्रोलच्या इंजिनाला यांखेरीज ठिणगीही लागते. इंजिन चालत नसेल तर यांपैकी काहीतरी उणे आहे, हे निश्चित समजावे.

शोध नेहमी सोप्याकडून अवघडाकडे करावा. एका बागाईतदाराची हकिकत ऐकण्यासारखी आहे. ऐन मे महिन्यात आंबिया बहराच्या झाडांना पाणी देताना त्यांचे इंजिन दहा मिनिटे चाले आणि बंद पडे. थोडा वेळ गेला की पुन्हा सुरू होई. मिस्त्री आले, त्यांनी पंप उघडला, नॉझल बदलले. दोन दिवस बाग तहानलेली राहिली. शेवटी एका मुलाने टाकीचे झाकण सैल केले, तो ‘सुस्स’ असा आवाज करून हवा आत शिरली आणि इंजिन दिवसभर चालले. टाकीच्या झाकणावरील बारीक छिद्रात कुंभारीण माशीने मातीचे घर बांधले होते. डिझेल खाली उतरे, पण त्याच्या जागी हवा आत जात नसे. टाकीत निर्वात अवस्था निर्माण होऊन डिझेल अडे. जुन्या नौकेतही ‘चालते आणि थांबते’ या तक्रारीत सर्वप्रथम हे छिद्रच पाहावे.

त्यानंतर टाकीची तोटी, गाळणी आणि नळ्या पाहाव्यात. रिकाम्या टाकीत दमट हवेचे पाणी होते. ते डिझेलहून जड असल्याने तळाशी बसते आणि तेच प्रथम इंजिनाकडे जाते. डिझेलच्या नळीत हवा शिरली तरीही इंजिन चालत नाही, कारण हवा दाबली जाते आणि नॉझल उघडण्याइतका दाबच तयार होत नाही. अशा वेळी टाकीकडून इंजिनाकडे क्रमाने जाऊन प्रत्येक ठिकाणचा स्क्रू सैल करावा आणि हातपंपाने बुडबुडे संपेपर्यंत डिझेल सोडून तो पुन्हा घट्ट करावा. हा क्रम उलटा केल्यास श्रम वाया जातात. पेट्रोलच्या जुन्या इंजिनात महिनोन्महिने राहिलेले पेट्रोल चिकट होऊन बारीक छिद्रे बुजविते. पेट्रोलची वाफ हवेहून जड असून नौकेच्या तळाशी साचते. म्हणून इंजिन सुरू करण्यापूर्वी कप्पा उघडून वारा खेळू द्यावा.

इंजिन चालू असताना त्याच्या धुरावरून पुष्कळ कळते. काळा धूर म्हणजे इंधन अधिक आणि हवा कमी. हवेची गाळणी तुंबली असेल किंवा पंख्याला दोर गुंडाळल्याने भार वाढला असेल. निळा धूर म्हणजे वंगणाचे तेल जळत आहे. पांढरा धूर थंड इंजिनात थोडा वेळ दिसला तर चिंता नको, पण तो टिकून राहिला तर इंधन नीट जळत नाही किंवा इंजिनात पाणी शिरते आहे, असा संशय घ्यावा.

नौकेचे इंजिन पुष्कळदा बाहेरचेच पाणी ओढून थंड ठेवलेले असते. पाणी ओढणाऱ्या तोंडाशी शेवाळ किंवा प्लॅस्टिकची पिशवी अडकली की इंजिन तापते. पंपातील रबरी पात्यांचे चाक तर काही क्षण कोरडे फिरले तरी झिजते. म्हणून इंजिन सुरू होताच बाहेर पाण्याची धार पडते की नाही, हे पाहण्याची सवय हवी. धार थांबली की इंजिन थांबवावे. पाण्याची गाळणी उघडण्यापूर्वी तळाची झडप बंद करावी, नाहीतर नदीच नावेत शिरेल!

सुकाणूची दुखणी

इंजिन सुरळीत आहे, पण नौका वळत नाही. अशा वेळी एकाने चाक फिरवावे आणि दुसऱ्याने पिछाडीला उभे राहून सुकाणूवर नजर ठेवावी. चाकापासून सुकाणूपर्यंत हालचाल एकेका जोडातून पुढे जाते. ती ज्या जोडापाशी हरवते, तेथेच दोष. जुन्या लाँचमध्ये चाकापासून तारेचा दोर कप्प्यांवरून मागे जातो. दोर सैल झाला तर चाक पाव वळसा रिकामे फिरते. दोराचे धागे तुटू लागले असतील तर ते बोटांना नव्हे, चिंधीला अडकवून पाहावेत आणि दोर त्वरित बदलावा. कप्पी गंजून अडली, तर तिच्यावरून दोर घासत राहतो आणि पुन्हा तुटतो. म्हणून दोर बदलताना कप्पीही पाहावी.

टांगत्या इंजिनात नळीतून जाणारी केबल असते. चाक जड झाले तर दोष केबलमध्ये की इंजिनाच्या बिजागरीत? तर्काने डोके शिणविण्यापेक्षा केबलचे टोक इंजिनापासून सोडवावे. चाक मोकळे फिरू लागले आणि इंजिन हाताने वळेनासे असेल, तर दोष बिजागरीचा. तेथे नवे ग्रीस, जुने काळे ग्रीस बाहेर पडेपर्यंत, भरावे. इंजिन मोकळे वळते पण चाक जडच राहते, तर दोष केबलचा किंवा चाकाच्या पेटीचा. आतून गंजलेली केबल तेल घालून सुधारत नाही. ती बदलावीच लागते. एका जोडणीने संशयाचे क्षेत्र निम्मे केले, हे लक्षात घ्या. यालाच शास्त्रीय पद्धती म्हणतात.

काही नौकांत तेलाच्या दाबाने सुकाणू फिरते. पास्कलचा नियम तुम्ही शिकला आहात. द्रव दाबला जात नाही, म्हणून चाकाचा जोर दूरवर तसाच पोहोचतो. त्यात हवा शिरली तर ती दबते, चाक पोकळ लागते आणि सुकाणू हलत नाही. डिझेलच्या नळीतील दुखणे ते हेच! उपायही तोच. तेल भरा, गळती शोधा, हवा काढा.

मध्येच बंद पडली तर?

सर्वप्रथम माणसे, मग यंत्र. सर्वांनी जाकीट घालून आपापल्या जागी बसून राहावे. एका बाजूला गर्दी केल्यास नौका कलते. पाणी उथळ असेल तर नांगर टाकावा, म्हणजे प्रवाह नौकेला खडकाकडे किंवा धरणाच्या भिंतीकडे नेणार नाही. त्यानंतरच इंजिनाचा कप्पा उघडावा. इंजिन चालू असून सुकाणूच मोडले असेल, तर एक जुनी युक्ती आहे. दोराला बादली बांधून ती पिछाडीला उजव्या बाजूने पाण्यात सोडली की त्या बाजूला अटकाव होऊन नौका उजवीकडे वळते, आणि डावीकडे सोडली की डावीकडे. पाणी बादलीत भरले की जोराचा हिसका बसतो, म्हणून दोर हाताला गुंडाळू नये.

मित्रहो, यंत्र कधी अकस्मात रुसत नाही. धूर, आवाज, उष्णता, थेंब, जडपणा या रूपांनी ते आधी पुष्कळदा सांगत असते. ऐकणारा मात्र हवा. त्या बागेत मिस्त्र्याच्या पान्यांना जे साधले नाही, ते झाकण सैल करून पाहणाऱ्या मुलाला साधले. उद्या तुमच्यापैकी कोणी कोकणच्या बंदरात, कोणी तोतलाडोहच्या जलाशयावर, तर कोणी आपल्याच विहिरीवर इंजिनाशेजारी उभे असेल. त्या वेळी हातात पाना घेण्यापूर्वी क्षणभर डोळे आणि कान उघडे ठेवा. सोपे आधी तपासा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. नौकेत बसलेल्यांचे प्राण अशाच लहानशा सवयींवर अवलंबून असतात.