गुण, क्रमांक आणि शाळेचा पत्ता

मराठी वाचकाला पानिपत ठाऊक असते ते १७६१ च्या लढाईमुळे. आज ते दिल्लीच्या उत्तरेस सुमारे ९० किलोमीटरवर असलेले, हरयाणातील वस्त्रोद्योगाचे शहर आहे. तेथील एखाद्या विद्यार्थिनीला नामांकित अभियांत्रिकी संस्थेत प्रवेश मिळण्याचा संभव किती, याचा अंदाज केवळ गुणांवरून बांधता येत नाही.

आयआयटीच्या जागांना राज्याचे बंधन नाही. २०२४ साली जेईई अ‍ॅडव्हान्स्ड परीक्षेस सुमारे १ लाख ८० हजार विद्यार्थी बसले. ४८,२४८ पात्र ठरले आणि जागा होत्या १७,७४०. पात्रता म्हणजे प्रवेश नव्हे, हे या आकड्यांवरूनच दिसते.

कुरुक्षेत्राच्या एनआयटीत मात्र निम्म्या जागा हरयाणासाठी असतात. म्हणून जो क्रमांक परराज्यातील विद्यार्थ्यास अपुरा पडतो, तोच पानिपतच्या मुलीस पुरेसा ठरू शकतो. उलट दिल्ली टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीत ८५ टक्के जागा दिल्लीतील शाळांतून बारावी झालेल्यांच्या. पानिपत राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडते, दिल्लीत नव्हे. नावाच्या या जवळिकीने गैरसमज होणे साहजिक आहे.

शिवाय एनआयटीसाठी राज्य ठरते ते घराच्या पत्त्यावरून नव्हे, तर बारावी ज्या राज्यातून उत्तीर्ण झाली त्यावरून. शिकवणीसाठी कोट्यास जाऊन तेथील शाळेतूनच बारावी केली, तर कुरुक्षेत्रातील निम्म्या जागांवरचा हक्क जातो. तो मिळतो जयपूरच्या संस्थेत, राजस्थानची विद्यार्थिनी म्हणून.