जंभेरीच्या पन्हेरीचे पाणी आवरा

थंडीचे दिवस, मध्येच दोन-चार दिवस आभाळ, आणि शेडनेटमध्ये जंभेरी-रंगपूर लिंबूचे बी नुकतेच उगवलेले. शेंदूरजनाघाट-वरूड भागातल्या नर्सरीवाल्यांची या दिवसांतली तक्रार ठरलेली: काल उभे असलेले रोप आज आडवे. मातीलगत देठ पाणचट होतो, तपकिरी पडून दबतो आणि रोप कोलमडते. ट्रेच्या एका कोपऱ्यात सुरू झालेली मर आठवडाभरात अर्धा ट्रे खाते.

बियाणे खराब निघाले म्हणून दुकानदाराशी भांडण्याआधी ट्रेखाली हात घाला. तळ थबथबलेला असेल तर दुखणे तुमच्या झारीत आहे. पिथियम आणि फायटोफ्थोरा या बुरशा ओलीवर वाढतात. फायटोफ्थोराचे बीजाणू तर साचलेल्या पाण्यात पोहत एका मुळावरून दुसऱ्यावर जातात. थंडीत पाणी उडत नाही, रोप पितही नाही, तरी सकाळ-संध्याकाळ पाइप धरायची सवय सुटत नाही. ज्या तालुक्यात बोअर शेकडो फूट खाली गेले, तिथे हे पाणी रोप मारायला वापरावे?

पाणी घड्याळ बघून देऊ नका. बोटाचे पहिले पेर मातीत घाला. आत ओल लागली तर त्या दिवशी झारी उचलायची नाही. द्यायचे तेव्हा ऊन वर आल्यावर, बारीक तोटीने, तळातून निथळेपर्यंत एकदाच. संध्याकाळचे पाणी बंद. आभाळ आले की पाळी पुढे ढकला. पिशवी असेल तर उचलून पाहा, वजन लगेच कळते.

एका नर्सरीत निम्मे ट्रे लोखंडी मांडणीवर होते, निम्मे जमिनीवर. बी एकच, माती एकच, पाणी देणारा माणूसही एकच. मांडणीवरचे हिरवेगार, खालचे झोपलेले. निथळलेले पाणी उताराच्या खड्ड्यात जमायचे आणि तेच मोटर लावून परत रोपांवर यायचे. मालकाने तीन औषधे आणली होती, खड्डा मात्र तसाच. खड्डा बुजवला, खालचे ट्रे विटांवर चढवले, पाण्यात खंड दिला. मर तिथेच थांबली.

रोप पिवळे दिसले की युरिया मारणाऱ्यांना कळकळीने सांगतो, आधी एक रोप उपटून बघा. मुळाची साल बोटांत सुटून आतली तार तेवढी उरली, तर ते रोप उपाशी नाही, त्याचे मूळ कुजले आहे. पाटाच्या तोंडाशी मोरचुदाची पुरचुंडी बांधणे, राख फेकणे, हळदीचे पाणी शिंपडणे यात वेळ घालवू नका. मेटॅलॅक्सिल अधिक मॅन्कोझेब हे मिश्र बुरशीनाशक लिटरला अडीच ग्रॅम घेऊन मातीत ओता, आणि तेही पाणी आवरल्यावरच. चिखलात ओतलेले औषध वाया जाते.

मर लागलेल्या ट्रेमधली ‘वाचलेली’ रोपे पिशवीत भरून डोळा बांधण्याचा मोह टाळा. ती बुरशी कलमाच्या मुळाशी गिऱ्हाइकाच्या वावरात जाते आणि काही वर्षांनी झाड ऐन भरात आले की डिंक्या होऊन खोडावर दिसते. अशा ट्रेमधली रोपे मातीसकट जाळा किंवा नर्सरीपासून लांब, विहिरीच्या आणि पाटाच्या वरच्या अंगाला नसेल अशा जागी खोल पुरा. रिकामा ट्रे धुऊन कडक उन्हात वाळवल्याशिवाय त्यात पुन्हा बी टाकू नका.