चिकन-भात कॅसरोल : तांदूळ कच्चा का राहतो?

प्रश्न : ओव्हनमधल्या कॅसरोलमध्ये चिकन शिजते, तांदूळ मात्र कच्चा राहतो. असे का?

उत्तर : बहुधा वाफ निसटते म्हणून. अमेरिकी घरांतल्या या सोप्या पदार्थात एक वाटी लांब दाण्याचा तांदूळ, दोन वाट्या चिकन स्टॉक आणि मश्रूमचे घट्ट क्रीम सूप (कॅम्पबेल कंपनीने ते १९३४ मध्ये बाजारात आणले) एकत्र करून वर चिकनचे तुकडे मांडतात. स्टॉक उकळताच ओतावा. गार असला तर बराच वेळ तो तापण्यातच जातो. भांड्याच्या कडा फॉइलने घट्ट बंद करून १९० अंश सेल्सियसला साधारण तासभर ठेवावे. मधेच उघडून बघण्याचा मोह नडतो. तुकडे मांडीचे बरे, छातीचे कोरडे पडतात. मांसाच्या मध्यभागी ७४ अंश भरले की चिकन शिजले. नंतर दहा मिनिटे झाकूनच ठेवावे. उरलासुरला रस भात शोषून घेतो.