जुन्या मोटारीतील दुर्गंधाचा माग

अँबॅसडर मोटारीचे उत्पादन २०१४ साली थांबले. मुंबईची काळीपिवळी पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून निवृत्त झाली. तरीही काही हौशी मंडळींनी या गाड्या जिवापाड जपल्या आहेत. अशा गाडीचे दार उघडताच पुष्कळदा एक कुबट वास येतो. मालक अत्तराची कुपी टांगतो आणि थोड्याच दिवसांत अत्तर व कुबटपणा असे दोन वास नांदू लागतात! असे का होते?

वास येतो, म्हणजे कुठल्या तरी पदार्थाचे रेणू त्यातून सुटून आपल्या नाकापर्यंत पोचतात. अत्तर त्या रेणूंना हटवीत नाही. केवळ आपले रेणू त्यांत मिसळते. म्हणून उगम शोधणे हाच खरा उपाय. पण त्यात दोन अडचणी आहेत. पहिली म्हणजे विसरण. हवेतील रेणूंशी टकरा घेत वासाचे रेणू बंद गाडीत सर्वत्र पसरतात, त्यामुळे वास कोठून निघाला हे कळत नाही. दुसरी अडचण आपल्या नाकाचीच. एकच वास काही मिनिटे घेत राहिले की नाक त्याची दखल घेईनासे होते.

यावर युक्ती अशी. गाडीची सर्व दारे उघडून ती वाऱ्यावर ठेवा. पायपुसणी, रबरी चटया, त्यांखालील तागाचे वा फेल्टचे अस्तर आणि बैठका बाहेर काढा. प्रत्येक वस्तू, किंवा मोठ्या वस्तूचा सुटणारा भाग, वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून तासभर उन्हात ठेवा. तापमान वाढले की बाष्पीभवन वाढते, म्हणून पिशवीत वास साठतो. मग मोकळ्या हवेत थोडा वेळ नाकाला विश्रांती देऊन एकेक पिशवी उघडा. गुन्हेगार आपोआप सापडेल.

परंतु सावधान! दोन वासांच्या बाबतीत असा निवांत शोध करायचा नाही. पेट्रोलचा वास आला, तर गाडी सुरू करू नका, दिव्याचे बटण दाबू नका आणि काडी तर मुळीच ओढू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. ती खाली साचते, आणि हवेत तिचे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास झाले तरी ठिणगीने पेट घेऊ शकते. दारे उघडून सर्वांनी दूर जावे व मेकॅनिकला बोलवावे.

दुसरा वास धुराचा. धावत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो. तेथे घोटाळणारा धूर डिकीच्या झिजलेल्या रबरातून आत शिरतो. या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा वास मुळीच नसतो. पण रक्तातील हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा सुमारे दोनशे पट अधिक ओढीने त्याला धरून ठेवते. तेव्हा धुराच्या वासाला इशारा समजा. प्रवासात डोके दुखू लागले, तर गाडी थांबवून सर्वांनी ताबडतोब बाहेर पडावे. रबर तपासायचे असेल, तर उभ्या गाडीच्या डिकीच्या कडेवर कागदाची पट्टी ठेवून झाकण लावा. पट्टी सहज ओढून निघाली, तर तेथे फट आहे.

आता पुन्हा कुबट वासाकडे वळू. तो बहुधा बुरशीचा असतो आणि बुरशीला हवा ओलावा. काचेभोवतीचे रबर उन्हाने व हवेतील ओझोनने कडक होते, त्याला भेगा पडतात आणि पावसाचे पाणी अस्तरात मुरते. ही गळती शोधण्यासाठी काचेच्या आतील कडेला खडूची पूड लावा. एकाने बाहेरून हळूहळू पाणी ओतावे, दुसऱ्याने आत बसून पाहावे. ओतायला सुरुवात मात्र खालून करा. वरून ओतलेले पाणी खाली ओघळते, मग ते नेमके कोणत्या भेगेतून शिरले हे समजत नाही. पूड जेथे ओली होईल, तेथे दुरुस्ती हवी.

गळती बंद झाल्यावर कुजलेले अस्तर बदलावे आणि बाकीचे खडखडीत वाळवावे. दूध सांडून नासले असेल, तर जागा पाण्याने पुसून खाण्याच्या सोड्याचे द्रावण लावावे. नासक्या दुधातील ब्युटिरिक आम्लाचे क्षारात रूपांतर होते. क्षार उडून जात नाही, म्हणून वास थांबतो. मग तो पाण्याने पुसून काढावा. शेवटी उरलेल्या वासासाठी सक्रिय कोळशाची पुरचुंडी ठेवावी. या कोळशाच्या एका ग्रॅममधील सूक्ष्म छिद्रांचा पृष्ठभाग पाचशे चौरस मीटरांहूनही अधिक भरतो आणि त्यावर वासाचे रेणू चिकटून बसतात. मात्र गळती तशीच ठेवाल, तर कोळसाही हार मानील!

करून पहा : झाकणाच्या दोन सारख्या बाटल्यांत कांद्याची एकेक चकती ठेवा. एकीत सक्रिय कोळशाची छोटी पुरचुंडी टाका. दोन्ही बाटल्या दिवसभर बंद ठेवून मग उघडा आणि वासांची तुलना करा. आता दोन्हींतील कांदा काढून टाका व पुन्हा वास घ्या. कोळशाने जास्त काम केले, की कांदा काढण्याने? उत्तर तुमचे नाकच देईल.