वारीच्या वाटेवरचा महाराष्ट्र

महाराष्ट्र म्हणजे नेमकं काय? मी कॉन्व्हेंटची. आमच्या पेपरात '१ मे १९६०' लिहिलं की फुल मार्क्स! पण इरावती कर्वे (१९०५–१९७०) या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी हे उत्तर चालून शोधलं.

इरावतीबाईंचा जन्म ब्रह्मदेशातला, शिक्षण पुण्या-मुंबईचं आणि पीएच.डी. बर्लिनची. तिथे कवट्या मोजून वंशावंशांतला फरक शोधायचा होता. गाइड फिशर यांना हवा होता तो फरक मोजमापात निघालाच नाही. बाईंनी निघालं तेच लिहिलं! १९३९ पासून निवृत्तीपर्यंत त्या डेक्कन कॉलेजात होत्या.

पुढे त्या ज्ञानेश्वरांच्या पालखीबरोबर आळंदीहून पंढरपूरला चालत गेल्या. लोकांत राहून, त्यांच्यासारखं वागून अभ्यास करायचा, ही मानवशास्त्राची पद्धतच आहे. 'परिपूर्ती' या संग्रहातल्या 'वाटचाल' लेखात त्यांनी हा अनुभव मांडला. जिथून पंढरीची वारी निघते तो महाराष्ट्र, असं त्यांना चालताना उमगलं.

आता हे आमच्या सेलूला लावून बघा. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत सेलू निजामाच्या राजवटीत आणि १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होतं. पण आमच्याच परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडच्या जनाबाई कित्येक शतकं आधी पंढरपुरी पोचल्या होत्या. म्हणजे पायवाट आधी पडली, सरकारी सीमा नंतर आखली गेली. मराठवाडा 'नंतर जोडलेला' म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

अर्थात ही व्याख्या अपुरी आहे. कर्नाटकातूनही भाविक पंढरपूरला येतात, आणि वारीला न जाणारेही मराठी आहेतच. शिवाय बाईंनी वारीचं नुसतं कौतुक केलं नाही. दिवसभर एकत्र अभंग म्हणणारे ब्राह्मण आणि मराठा वारकरी जेवायला मात्र वेगळे बसतात, हे त्यांनी पाहिलं आणि त्याचं दुःखही लिहून ठेवलं. एकच विधी माणसांना जोडतो आणि त्याच वेळी वेगळंही ठेवतो, हा मला त्यांच्या अभ्यासातला सर्वांत मोठा धडा वाटतो.

गॅदरिंगला आपण सगळे एका सुरात 'जय महाराष्ट्र' ओरडतो. रात्री मेसमध्ये मात्र गावाप्रमाणे, कधी कधी आडनावाप्रमाणेही, टेबलं ठरलेली असतात. मीसुद्धा दोन वर्षं परभणीवाल्यांच्याच टेबलावर जेवले. आज ताट घेऊन दुसरीकडे बसणार आहे. जागा द्याल ना?